दाब… सोड…

दार लोटून घ्या, आणि तो मोबाइल जरा पालथा ठेव. सांगतो.

ऐकीव नाही हं. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेलं आहे. आणि माणूस असा की मीटरवर आकडा दिसल्याशिवाय बॅटरीलाही बॅटरी म्हणणार नाही. गाड्यांची वायरिंग तपासायची, इंजिनचं कंट्रोल युनिट तपासायचं, हा त्याचा धंदा. खिशाला कायम टेस्टर, म्हणून आम्ही त्याला टेस्टरच म्हणतो. बायकोसुद्धा म्हणते, रागावली की.

मागच्या नोव्हेंबरातली सतरा तारीख, रविवार. संध्याकाळी टेस्टर बाजारात गेला तो फक्त ब्रेक पेडलचं रबर आणायला. त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, टेकडीपलीकडच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी पहिलीच पाळी, तीही पहाटेची. तिने दलालाकडून एक जुनी गाडी घेतली होती. दलाल म्हणाला, "एका मास्तरांची गाडी आहे. फारशी चाललेलीच नाही." चाललेली नाही, पण पेडलचं रबर मात्र गायब. टेस्टरला ते खटकलं. "सगळी वायरिंग तपासल्याशिवाय चावी देणार नाही," त्याने सांगून टाकलं.

"बाबा, आमच्याकडे पेशंटसुद्धा इतका वेळ ऑपरेशनच्या टेबलावर राहत नाहीत," भाची म्हणाली.

"राहत नाहीत म्हणूनच सांगतोय."

नवं रबर तिने स्वतः पुडीतून काढून पेडलवर चढवलं. जेवणं झाली आणि बापलेक घरामागच्या शेडमध्ये कामाला लागले.

आता नीट ऐका. इंजिन कधी आपोआप जोरात पळायला लागलं, तर आपण ब्रेक दाबतो. दाबल्याचा निरोप एका बारीक तारेतून कंट्रोल युनिटला जातो आणि ते इंजिनाला आवरतं. निरोप पोचलाच नाही तर इंजिन पळतच राहतं. ती तार तपासायला बॅटरी सोडवायची, युनिटचा प्लग काढायचा. मीटरचं एक टोक प्लगमधल्या पिनेवर, दुसरं फ्यूजच्या खाचेत. एकाने आत बसून पेडल दाबायचं. तार धड असेल तर मीटर वाजतो.

"पण बॅटरी काढल्यावर वाजेल कसा?"

मीटरला स्वतःचा सेल असतो रे. तू गाडी धुतोस तेवढं पुरे.

तर भाची आत बसलेली, टेस्टर पुढे वाकलेला, मधे उभं बॉनेट. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. नुसता आवाज.

"दाब."

मीटर गप्प.

"अगं, दाब की!"

"दाबलाय! आता काय फरशीतून पाय बाहेर काढू?"

गप्पच. टेस्टरने पिन खरवडली, पुसली, भिंग लावून पुन्हा बघितली. स्वयंपाकघराच्या दारातून मेहुणी ओरडली, "हे काम दिवसा करायला काय ऊन कमी पडतं का या घरात?" याने मान वर केली नाही. बराच वेळ गेला.

"हं. दाब."

मीटर वाजला. बारीक, सलग… टीऽऽ.

"सोड."

थांबला.

"दाब."

टीऽऽ.

टेस्टर खूश. "पिनच मळली होती, दुसरं काही नाही. उद्या घेऊन जा गाडी. चावी आईकडून घे."

आतून उत्तर आलं नाही. रुसली असेल, त्याला वाटलं. टोकं काढायला त्याने हात पुढे केला, तेवढ्यात…

टीऽऽऽ

"अगं, आता नको. झालं काम. सोड."

टीऽऽऽ

"सोड म्हटलं ना!"

सुटेना.

"बाबा…" मागून आवाज आला. "कोणाशी बोलताय?"

भाची. घराच्या पायरीवर. कानाला फोन. "दवाखान्यातून फोन आला म्हणून केव्हाची घरात गेलेय. सांगितलं की तुम्हाला."

मीटर वाजतच होता.

टेस्टरने तिला हातानेच थांबवलं. तिथेच. पुढे येऊ नकोस. मग दोन्ही टोकं ओढून काढली. आवाज बंद.

आणि आत…

टक.

पेडल वर आलं होतं.

मग गाडी ड्रायव्हरच्या बाजूने किंचित उचलली गेली. बसलेला माणूस उतरला की उचलते… तशी.

दार उघडलं नव्हतं.

…

थांब, सांगतो. पाणी दे आधी.

भाची पहाटे दवाखान्याच्याच गाडीतून गेली. आईने हातापाया पडून मागवली ती. मला टेस्टरने उजाडल्यावर बोलावलं. मी आत बसलो, पेडल दाबलं. मीटर गप्प. चार वेळा दाबलं. गप्प. मग त्याने तारेवरची चिकटपट्टी पुढून मागेपर्यंत सोलत आणली. डॅशबोर्डच्या मागे तार तुटलेली. आजची नाही. दोन्ही टोकं हिरवी पडलेली आणि एकमेकांपासून बोटभर लांब.

टेस्टर ती टोकं हातात धरून बसला. "वाजला होता," म्हणाला. "मी चावी घे म्हणालो होतो तिला."

रात्री गाडीत जो कोणी होता, तो तिला अडवायला बसला होता, की गाडी धड आहे असं भासवून तिला न्यायला… टेस्टरने मला विचारलं. मला काय सांगता येणार? तुम्हाला येतंय?

दलालाला गाठलं. आधी उडवाउडवी केली. मग खाली बघत म्हणाला, "मास्तर टेकडीच्या उतारावर अपघातात गेले. गाडी आवरेचना. ज्यांनी बाहेर काढलं ते सांगतात… पाय ब्रेकवरून सोडवता येत नव्हता."

गाडी त्याच आठवड्यात भंगारात गेली. नेण्याआधी टेस्टर म्हणाला, निदान नवं रबर तरी काढून घेऊ. तो खाली वाकला, आणि तसाच राहिला. मग मला बघायला सांगितलं.

रविवारी संध्याकाळी पुडीतून काढलेलं रबर. भाचीने आणि मी मिळून दहा-वीसदा दाबलं असेल. ते वरच्या कडेला पार झिजून गेलं होतं. टाच उचलून, सगळं अंग टाकून दाबलं की बोटं टेकतात, तेवढ्याच जागी. त्याखालचं लोखंडसुद्धा घासून घासून आरशासारखं लखलखत होतं.