हात लावायचा नाही!

हे खरं आहे. पटत नसेल तर इथेच थांबा. कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्याच बाबतीत घडलंय... प्रभादेवीला, माझ्या सासरी, गेल्या वर्षी. तेही भर दुपारी.

मला सातवा महिना होता. दोन दिवसांपासून पाय सुजला होता.

फक्त डावा.

पोटरी दगडासारखी कडक, लाल, हाताला गरम.

"पोटुशी बाईचे पाय सुजतातच," सासूबाई म्हणाल्या.

"पण एकच कसा सुजेल, आई? डॉक्टरकडे जाऊया ना."

माझा नवरा प्रितेश. त्याने मोबाईलमधून मानसुद्धा वर काढली नाही. "आई बोलते ना, किर्ती. तिला जास्त कळतं."

आणि गेला ऑफिसला.

मंगळवार होता. सिद्धिविनायकाची गर्दी, गाड्यांचे हॉर्न, सगळं आमच्या खोलीत ऐकू येतं. सासूबाई वाटीत कोमट तेल घेऊन आल्या. मी नको नको म्हणत होते. त्यांनी गाऊन वर सरकवला आणि पोटरी चोळायला घेतली.

कळ थेट मांडीत गेली.

आणि बाहेरचा आवाज बंद झाला.

हॉर्न नाही. माणसं नाहीत. डोक्यावर पंखा फिरत होता... पण त्याची घरघर नाही.

मग अगदी माझ्या कानाजवळ...

"आई, नको ना... दुखतंय..."

मी तर ओठ घट्ट मिटून घेतले होते.

सासूबाई मान खाली घालून चोळतच होत्या. "गप गं, दीपिका. आत्ता उतरेल सूज."

त्यांचा हात थांबला.

"दीपिका कोण?" मी विचारलं.

त्या पांढऱ्याफटक पडल्या. उठायला गेल्या... उठता येईना. उजवं मनगट हवेतच अडकलं होतं. तेलकट कातडीत खळगे पडत होते... खोल... कुणीतरी बोटं रुतवत असल्यासारखे.

"सोड... सोड मला..."

"हात लावायचा नाही!"

आता तो आवाज रडका नव्हता.

वाटी पालथी झाली. आणि एकदम हॉर्न सुरू झाले.

मी माझ्या भावाला, ध्रुवला, फोन लावला. तो माटुंग्याहून टॅक्सी घेऊन आला, मला परळच्या हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफी झाली. पोटरीपासून मांडीपर्यंत नसेत रक्ताची गुठळी.

"पाय चोळला कोणी?" डॉक्टरबाई ओरडल्याच. "गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती म्हणजे?"

रोज पोटात इंजेक्शनं घेतली. मुलगी झाली. दोघी वाचलो.

दीपिका कोण, ते प्रितेशने हॉस्पिटलात सांगितलं. मोठ्या दिरांची पहिली बायको. सातव्या महिन्यातच गेली.

"अटॅक आला होता वहिनीला... आधी पाय सुजला होता."

"आणि आईंनी तो चोळला होता?"

त्याचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला.

"तुला माहीत होतं, प्रितेश! माहीत होतं, आणि तू मोबाईल बघत बसलास!"



सासूबाई बाळ बघायला आल्या तेव्हा भटजींना विचारूनच आल्या होत्या. "घराची शांती करून घेऊ. ती बाहेर गेली पाहिजे."

"ती राहील तिथेच," मी म्हणाले. "तुम्ही बाहेर जा."

तेव्हापासून मी माहेरी आहे. ध्रुव म्हणतो, दुखण्यात भास झाला असेल. मग सासूबाईंच्या मनगटावर ते काळेनिळे डाग अजून कसे? प्रितेश सांगतो, भीतीने आई भर दिवसासुद्धा दार उघडं टाकून बसतात.

मला त्यांची दया येत नाही. जराही नाही.

मी अशी नव्हते हो. चिडले तरी संध्याकाळपर्यंत विसरायचे. आता मुलीला पाजता पाजता मध्येच दात आवळले जातात, मुठी वळतात...

आणि हा सगळा राग माझ्या एकटीचा आहे, असं मला वाटत नाही.