डाव्या सीटचं वजन

ही गोष्ट ऐकून कोणी हसलं की मला राग येतो, म्हणून आधीच सांगते. यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. माझे मामू नूर महंमद यांचं धुळ्यात गॅरेज होतं. हे तिथेच घडलं, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात.

आणि रात्री नाही. भर दुपारी.

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खानदेशातला उन्हाळा पाहिलेला नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. सगळं गाव दारं लावून पडलेलं. कोणी हाक मारली तरी ओ द्यायला माणूस नाही.

मामू पाचोऱ्याहून नुकतेच धुळ्याला आले होते. इकडची माणसं त्यांच्या ओळखीची नव्हती. ओळखीची असती तर त्या दिवशी त्यांनी जीभ आवरली असती.

शिरपूरचे पितांबरभाऊ गाडी घेऊन आले. कापसाचे व्यापारी, साठीचे, अंगाने किरकोळ. गाडी मात्र बघत राहावी अशी. जुनी विलायती स्पोर्ट्स कार, दोनच सीटा, लाल रंग उडून विटकरी झालेला. खड्ड्यातून गेली की पुढून आवाज यायचा.

टक्... टक्...

"एवढा हाऊ आवाज काढ, मिस्तरी," भाऊ म्हणाले. "पन गाडी जशी शे तशीच ऱ्हायनी पाहिजे. हाई गाडी शे म्हनीसन मी शे." म्हणजे, ही गाडी आहे म्हणून मी आहे.

मामूंनी बॉनेटवर हात ठेवला. "बुश गेलेत, भाऊ. नवीन टाकले की आवाज बंद."

"आनि डावी सीटवर कोनी बठानं नही. ती मनी सुमननी जागा शे."

मामू मनातल्या मनात हसले. या वयातही बायकोचं एवढं कौतुक!

बुश म्हणजे रबराचं जाड कडं. चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मच्या टोकात ते ठोकून बसवलेलं असतं. गाडीवरचा भार आणि रस्त्याचे धक्के, दोन्ही तेच खातं. मामूंनी दोन्ही बाजू खोलल्या. उजव्या बाजूचे बुश कडक झाले होते, पण शाबूत होते.

डाव्या बाजूचे...

चेपून कागदासारखे झाले होते. चालवणारा तर उजवीकडे बसतो. मग भार इकडे कसा?

"भाभी रोज बरोबर असतात वाटतं?" मामूंनी विचारलं.

"रोज," भाऊ म्हणाले. 

असे बुश बाजारात कुठले मिळायला? मामूंनी जळगावच्या एका रबरवाल्याकडून मापाने बनवून आणले. ते बसवले त्या दिवशी भाऊ सकाळपासून गॅरेजमध्ये बसून होते. जेवायलाही उठले नाहीत. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर माणूस बसतो ना, तसे.

दुपारी शेवटचं काम उरलं. बुशचे बोल्ट गाडी वर उचललेली असताना कधीच आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर हवीत, माणसं सीटवर हवीत. नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. बाकीचे मिस्तरी कंटाळा करायचे. मामू कधीच नाही.

त्यांनी गाडी गॅरेजमधल्या, खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली आणि पाना घेऊन खाली उतरले.

"भाऊ, तुम्ही बसा. भाभी बाहेर सावलीत असतील, त्यांनाही बोलवा. दोघांचं वजन पडलं की आवळतो."

भाऊंनी त्यांच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. मग ते स्टिअरिंगवर जाऊन बसले. उजवी स्प्रिंग दबली.

मामू वाट बघत राहिले.

खड्ड्यातून वर फक्त पाय दिसतात. गाडीच्या डाव्या बाजूला रिकामी फरशी होती, तिच्यावर ऊन पडलं होतं. कोणी आलं नाही. दरवाजा वाजला नाही.

आणि डावी स्प्रिंग हळूच... दबली.

चूं...

डोक्यावर, गाडीच्या तळाच्या पत्र्यावर टाच घासल्याचा आवाज झाला. कोणीतरी नीट सरकून बसावं तसा.

मामूंच्या ध्यानात काहीच आलं नाही. कामातला माणूस. त्यांना वाटलं, भाभी आल्या असतील. ते बोल्ट आवळत गप्पा मारू लागले. ती त्यांची सवयच होती.

"भाभी, जरा हलू नका. झालंच. आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं. मागेच घर आहे. उतरा आणि सरळ आत जा, माझी बायको जैनब घरातच आहे."



मग भाऊंचा आवाज आला. "मिस्तरी... तू काय म्हनं?"

मामूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच डावी स्प्रिंग सावकाश वर आली.

फरशीवर पाय उतरले नाहीत. ऊन तसंच होतं.

मामूंच्या हातातला पाना पडला.

ते धडपडत वर आले. भाऊ डाव्या सीटवर हात फिरवत होते. आंधळा माणूस चाचपतो तसे. चेहरा पांढराफटक.

"ती नही शे," ते म्हणाले. "मिस्तरी, ती उतरी गयी."

तेव्हा कुठे मामूंना कळलं. सुमनबाई फार वर्षांपूर्वी वारल्या होत्या. शिरपूरहून धुळ्याच्या दवाखान्यात नेताना, याच गाडीत, याच सीटवर. दवाखाना यायच्या आधीच.

मागच्या दारातून मामींची हाक आली.

"अजी, कोण आलंय? बाजेवर कोणी टेकल्यासारखं वाटलं म्हणून पाणी घेऊन गेले. तर कोणीच नाही."

मामू आणि भाऊ धावत आत गेले. भिंतीकडेची सुतळीची बाज रिकामी होती.

पण एका कडेला तिची सुतळी... खाली वाकलेली होती.

भाऊंनी गाडी मागच्या दाराशी आणली. डावा दरवाजा उघडून धरला.

"सुमन, चाल ना घर."

कोणी हललं नाही. बाज तशीच.

"सुमन... मी एकटा कसा जाऊ व?"

संध्याकाळपर्यंत तो माणूस दरवाजा धरून उभा होता. मग गेला. गाडीचा आवाज बंद झाला होता. मामूंनी आयुष्यात इतकं चांगलं काम कधी केलं नव्हतं, आणि इतकं वाईटही.

त्यानंतर भाऊ दर आठवड्याला यायचे. दरवाजा उघडायचे, हाक मारायचे, ओट्यावर बसायचे आणि रिकामी गाडी घेऊन परत जायचे. मामूंना त्यांच्याकडे बघवायचं नाही. ते मामींना म्हणाले, बाज देऊन टाकू. मामी ऐकेनात.

"इतकी वर्षं बिचारी त्या गाडीत बसून होती," त्या म्हणाल्या. "कोणी एकदा तरी उतर म्हणालं का तिला? मी नाही काढणार तिला घरातून."

पुढच्या उन्हाळ्यात एक आठवडा भाऊ आले नाहीत. दुसऱ्याही आठवड्यात नाहीत.

मग एका दुपारी मामी तांदूळ निवडत बसल्या होत्या. दार बंद होतं.

बाज करकरली...

त्यांनी मान वर केली. सुतळी आता दुसऱ्या कडेलाही वाकली होती.

मामूंना बोलावलं. मामू बराच वेळ बघत राहिले. मग कोपऱ्यात जाऊन, तोंडाला रुमाल लावून रडले. शिरपूरहून निरोप संध्याकाळी आला.

मामू आता नाहीत. मामी खूप थकल्यात. ती बाज अजून तिथेच आहे. सुतळी सारखी सैल होते, सारखी आवळावी लागते. मी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, जुनी सुतळी, दुसरं काय. असेलही.

मागच्या महिन्यात मी मामींना भेटायला गेले. दुपारच होती. मी दाराशीच उभी राहिले. मामींनी पाण्याचे पेले भरले. एक मला दिला, दोन बाजेशेजारी ठेवले. मग माझ्याकडे वळून हसल्या.

"उभी का? बस की. मध्ये जागा आहे."

मी बसले नाही.

पण निघताना, सवयीने, मी म्हणाले, "येते. तुम्हीही या ना घरी..."

आणि मामींकडे बघून म्हणाले की बाजेकडे, ते मला आता आठवत नाही.