मागच्या न्हाणीतलं विसण

"गरम पाण्यात थंड घालायचं. थंडावर गरम कधीही ओतायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

दिवेआगरच्या त्या घरात पाढ्यांच्या आधी हे शिकवत. क्षिप्राने सातव्या वर्षी 'का' विचारलं आणि अनुसूयाकाकूचा धपाटा पाठीत घेतला. उत्तर दिलं ते आईने, न्हाऊ घालताना, कानाशी वाकून. जिवंत माणसाच्या गरम पाण्यात थंडाचं विसण घालतात. मेलेल्याच्या अंघोळीला उलट करतात. आधी थंड, वर गरम.

ती आई, कमळ, पाच वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात गेली. क्षिप्रा तेव्हा पनवेलला हॉस्टेलवर होती. रस्ते झाडांखाली, फोन बंद. आठवड्याने थोरल्या काकांचा फोन लागला. त्यांना सगळा गाव दादा म्हणे, आणि क्षिप्राचे वडील लवकर गेल्यामुळे घर त्यांच्याच शब्दावर चाले. "डोक्यात वासा पडला, जागच्या जागी गेली," एवढं ते म्हणाले. पुढे तिने कितीदा खोदून विचारलं. दरवेळी एकच उत्तर. "झालं ते उकरू नये."

आता ती इलेक्ट्रिकल इंजिनियर झाली होती, आणि या खेपेला आली होती ती गीझरच्या टाकीसाठी. भाड्याने द्यायच्या पाहुण्यांच्या खोल्यांना मिळून शंभर लिटरची एकच टाकी होती. नव्या मीटरवर दिवसाची वीज स्वस्त पडते म्हणून क्षिप्रानेच महिन्यापूर्वी तिला टायमर बसवला होता. सकाळी नऊला चालू, संध्याकाळी पाचला बंद. तापलेलं पाणी टाकीत रात्रीपर्यंत टिकायला हवं. पण टायमर बसल्यापासून पाहुणे कुरकुरत होते, समुद्रावरून येऊन नळ सोडला की पाणी कोमट.

"काढून टाक तो तुझा टायमर," दादा सुपारी सोलता सोलता म्हणाले. "आमचा बंब कधी बिघडला नाही."

"बिघडायचा कशाला? तो पेटवायला पहाटे आई उठायची. तुम्ही उठणार?"

"जीभ बघा हिची!" काकू म्हणाली.

त्या दिवशी घरात पाहुणे नव्हते. क्षिप्राने मेन स्विच पाडून कॉइल तपासली. ठीक होती. थर्मोस्टॅट ठीक. गळती कुठेच नाही. मग वीज चालू करून, टाकीच्या अंगाला थर्मामीटर चिकटवून ती स्टूलवर वही घेऊन बसली. बाराला अठ्ठेचाळीस. तीनला साठ. पाचला टायमरने टक् केलं, लाल दिवा विझला. साठच.

सव्वापाचला भिंतीतला पाइप गुणगुणला.

साठ. चोपन्न. सेहेचाळीस.

कोणीतरी पाणी घेत होतं. पूर्वी संध्याकाळीही वीज चालू असे, टाकी पुन्हा तापे आणि हे कळत नसे. क्षिप्राने टाकीतून निघणाऱ्या तिन्ही पाइपांना हात लावला. खोल्यांचे दोन गार होते. तिसऱ्याने बोटं पोळली.

तिसरा पाइप मागच्या न्हाणीत जात होता. ती दुरुस्त करून पाहुण्यांना द्यायची म्हणून प्लंबरने लाइन टाकली होती. मग काकूने काही न सांगता दाराला कुलूप घातलं, त्याला चार वर्षं झाली.

क्षिप्राने अंगणात डोकावलं. दादा आणि काकू दोघंही तिथेच होते, सुपारीच्या ढिगाशी.

ती भिंतीला तळवा लावून पाइपाच्या उबेमागे चालत गेली. पोफळींमधून ऊन तिरकं पडलं होतं. भरदिवसा भ्यायचं काय, असं ती स्वतःला बजावत होती. न्हाणीच्या दारावरचं कुलूप गंजून कडीशी एकजीव झालेलं. कोळ्याचं जाळं अख्खं होतं.

आत बादली भरत होती.

आधी जाड, भरीव धार. थंड पाण्याची. ती थांबली. मग दुसरा नळ खाकरला, आणि वाफेने फुरफुरणारी बारीक धार सुरू झाली. थंडावर गरम… दाराखालून वाफ निघाली. तिला शिकेकाईचा वास होता आणि ओल्या लाकडाच्या धुराचा.

तांब्या बुडाला. पाणी पडलं. उभ्या माणसाच्या अंगावरून ओघळतं तसं नव्हे. आडव्या पडलेल्या कशावर तरी आपटलं, तसं. पुन्हा तांब्या. पुन्हा. मग फरशीवर नखं घासल्याचा आवाज… हळू, खूप हळू.

"कोण आहे?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

सगळं थांबलं.

"थांबा…" दारापलीकडून, जमिनीच्या उंचीवरून कोणी म्हणालं. "थांबा ना… मी…"

कानाशी वाकून बोलणारा तोच आवाज.

क्षिप्रा अंगणात कशी पोचली ते तिला कळलं नाही. काकूने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली सुपारी खाली ठेवली.

"तिकडे गेलीस?"

"आईला अंघोळ कुठे घातली होती?"

"कॉक बंद कर त्या लाइनचा," दादा म्हणाले. "उद्या बोर्लीहून प्लंबर बोलाव आणि पाइप काप."

"मी विचारलं ते सांगा."

"मागेच," काकू पुटपुटली. "छप्पर गेलेलं, गॅस मातीखाली. लाकडं भिजलेली. गार पाण्यानेच घालत होतो. शेवटी जेमतेम तांब्याभर गरम झालं. ते ओतलं, अन्…"

"अनुसूया!"

"बोटं हलली गो तिची."

पोफळींत वारा नव्हता. एकही झावळी हलत नव्हती.

"वारा होता तो," दादा म्हणाले. "वादळ होतं बाहेर."

"वाऱ्याने बोटं हलतात?"

"थंडावर गरम पडलेलं माणूस घरात परत घेत नाहीत, असं हे म्हणाले," काकू रडत नव्हती, नुसती सांगत होती. "डॉक्टर म्हसळ्याला. जायला वाट नाही. मी म्हटलं, थांबू या जरा. ती पण म्हणाली बहुतेक… पण हे म्हणाले, विधी अर्धवट सोडू नये."

दादा उठले. आवाज नेहमीचाच होता. "दिवेलागणीच्या आत कॉक बंद झाला पाहिजे. आमच्यासमोर मोठी झालीस. का म्हणून विचारू नकोस."

"नाही," क्षिप्रा म्हणाली. भीतीने तिचे दात वाजत होते. तरी ती दादा आणि न्हाणीची वाट यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. "मी बंद करणार नाही. तुम्हालाही करू देणार नाही. ती थांबा म्हणाली होती ना? तेव्हा तुम्ही थांबला नाहीत. आता थांबा."

दादांनी तोंड उघडलं.

मागे नळ खाकरला. तिघांनीही ऐकलं. टाकी तर कधीच निवली होती, तरी वाफेची फुरफुरणारी बारीक धार कितीतरी वेळ वाजत राहिली. मग ती थांबली आणि जाड, भरीव धार पडली. आधी गरम. त्यात थंडाचं विसण.

काकूने तोंडावर पदर दाबला.

तांब्यामागून तांब्या पाणी ओघळलं, उभ्या अंगावरून ओघळतं तसं. बादली पालथी झाली. आणि बाहेरचं गंजलेलं कुलूप जिथल्या तिथे असताना, न्हाणीची आतली कडी सावकाश निघाली.