गंजीतला खळगा

बाभुळगावच्या माझ्या पोरी जिम्नॅस्टिक्समधला व्हॉल्ट शिकल्या त्या वामनरावांच्या बंद पडलेल्या जिनिंग मिलमध्ये. आज ना उद्या भाव येईल म्हणून त्यांनी तिथल्या शेडमध्ये कापसाची गंजी ठेवली होती. मी शाळेत पीटी शिकवते. फोमच्या गाद्यांसाठी अर्ज करून करून थकले आणि शेवटी पोरींना सरळ कापसात उड्या मारायला लावल्या. सराव संपला की गंजी हातांनी मोकळी करून सपाट करायची. कोणी आळस केला तर माझा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा.

याच गंजीतून साधना भारताच्या संघात गेली. ती परदेशी स्पर्धेला निघाली तेव्हा मी बाकीच्यांनाही सुट्टी दिली. गंजी सपाट केली, चौकीदार बाबुलालने कुलूप लावलं.

काही दिवसांनी तो शाळेत आला. "मॅडम, शेडमंदी धपधप वाजून राह्यलं. आत तं कोणीच नाही."

"मांजर असेल," मी म्हटलं.

त्याच्यासोबत जाऊन शेड उघडली, तर गंजीच्या मधोमध दोन टाचांचा खोल खळगा होता. मी तो बुजवला, हात झटकले. आमच्या डोळ्यांदेखत कापूस पुन्हा धप्पकन दबला.

संध्याकाळी साधनाचा फोन आला. "मॅडम, इथं उतरताना साऱ्याइचे घोटे दुखून राह्यले. मले तं लागतच नाही. आपल्या कापसाचा वास येते फक्त."

"बरं. गुडघे सांभाळ," मी म्हटलं.

फायनलच्या दिवशी जिनिंगपुढे ट्रक लागला. मी धावतच गेले. "वामनराव, आजचा दिवस थांबा."

"काहून?"

"आज साधनाची फायनल आहे."

"एवढ्या वर्षांनी भाव आला, मॅडम. आता कायले थांबू?"

जिनिंगच्या ऑफिसातल्या टीव्हीवर साधना धावायला उभी राहिली, तेव्हा मजूर उरलासुरला कापूस झाडून नेत होते. पोर मोडणार, असंच वाटत होतं.

ती धावली. उडाली.

मागच्या रिकाम्या शेडमध्ये फरशीवर काहीतरी आदळलं.

टीव्हीवर साधना ताठ उभी होती. पाय जागचा हलला नव्हता.

शेडमध्ये काही नव्हतं. मी तिथेच बसून आनंदाने रडले.

पदक घेऊन ती आली. मिठी मारली तेव्हा हाताला इतकी हलकी लागली, की खात नाहीस म्हणून मी तिला रागावलेही. घरी तिच्या आईने, इंदूबाईंनी, नवी भरून घेतलेली कापसाची गादी अंथरली होती.

"बस माय. थकली असशील."

साधना हसून बसली. इंदूबाई तिच्या शेजारी टेकल्या.

गादी फक्त इंदूबाईंच्या बाजूला दबली.