दुसरी टिचकी

तो बघा, तिथं वर, लुकलुक न करणारा. तो गुरू. लोक गुरुबळ बघायला पंचांग काढतात, आमचा वेणीमाधव दुर्बीण काढायचा. ओझरच्या कारखान्यात आम्ही वीस वर्षं एका डब्यात जेवलो, तेव्हा हे ऐकीव नाही. शाली नीट पांघरून बसा.

सव्वीस सालची दहा जानेवारी, शनिवार. गंगापूर रोडला त्याचं घर, मागं छोटं अंगण. रात्री जेवणं झाल्यावर लतिकावहिनी म्हणाल्या, "अहो, उद्या दहाला शाळेची गाडी येणार. दुर्बीण पुसून ठेवा." दिंडोरीकडच्या एका शाळेला ती देऊन टाकायचं ठरलं होतं. तेरा महिने ती जिन्याखाली चादरीत गुंडाळलेली होती, आणि वहिनींना ती चादरसुद्धा बघवत नव्हती.

वेणीमाधवनं दुर्बीण अंगणात आणून पुसली. पुसता पुसता त्याला वाटलं, गुरूचा एक शेवटचा फोटो काढावा.

आता ही दुर्बीण बिनमोटारीची, डोळा लावायच्या जागी कॅमेरा, तो लॅपटॉपला जोडलेला. पृथ्वी फिरते, म्हणून अर्ध्या मिनिटात गुरू लॅपटॉपच्या पडद्यावरून उजवीकडे निसटतो. नळी हातानं ढकलून त्याला परत आणावं लागतं. ग्रहाचा फोटो म्हणजे आधी लांबलचक व्हिडिओ, मग त्यातली स्वच्छ चित्रं निवडून एकावर एक रचायची. काम दोघांचं. पडद्यापाशी वेणीमाधव, नळीपाशी त्याची लेक ओवी, एकोणीस वर्षांची. पोरीला एक खोड होती. नळी ढकलून झाली की वर एक टिचकी मारायची, म्हणे गुरूला शाबासकी. त्या टिचकीनं पडद्यावर गुरू खरवसासारखा थरथरायचा. "एकदाच ढकल गं," बाप दरवेळी कावायचा. ती हसायची.

चोवीसच्या डिसेंबरात एका रात्री त्याचा तोल सुटला. "उद्यापासून नळीला हात लावायचा नाही. माझं मी बघीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना ट्रकनं तिची स्कूटर उडवली. बापलेकीचं शेवटचं बोलणं ते. तेरा महिने हा माणूस त्या एका वाक्याखाली दबून जगला.

तर त्या शनिवारी, अकरा चाळीसला, तो एकटाच कामाला लागला. नळी ढकलायची, धावत लॅपटॉपशी यायचं, तोवर गुरू पार कडेला. चार वेळा. पाच वेळा. शेवटी नळीला कपाळ टेकून तो रडला. म्हणाला, "ओवी... लाव गं हात. चुकलं माझं."



वहिनी दारात आल्या. त्याला आत नेलं, स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा दोघं तिच्याविषयी बोलले. मागच्या दाराला आतून कडी. अंगणाला दुसरी वाट नाही.

तो बाहेर आला तेव्हा पडदा काळा होता. पण रेकॉर्डिंग बंद करायचं राहूनच गेलं होतं. अकरा मिनिटं. नुसता अंधार असणार, पुसून टाकावा म्हणून त्यानं व्हिडिओ उघडला.

गुरू दिसला. उजवीकडे सरकत गेला. कडेला टेकला...

थांबला.

मागं आला. मधोमध.

आणि थरथरला.

वहिनी त्याच्या खांद्यामागं उभ्या होत्या. "अहो... ही टिचकी..."

अर्धं मिनिट गेलं. गुरू पुन्हा कडेला. पुन्हा मागं. पुन्हा ती थरथर...

त्या कॅमेऱ्याला आवाज टिपता येत नाही. हे वेणीमाधवला माहीत होतं. तरी त्यानं लॅपटॉपला कान लावला.

रविवारी शाळेची गाडी आली. दुर्बीण त्यानं स्वतः उचलून आत ठेवली. नळीला हात लावू पाहणाऱ्या एकाही पोराला रागावू नका, एवढंच मास्तरांना सांगितलं.

व्हिडिओ तेवढा त्याच्यापाशी आहे. मी बघितलाय. मोजलंय. गुरू एकवीस वेळा मागं येतो. वीस वेळा टिचकी आहे.

एकविसाव्या वेळी नाही. त्या वेळी नुसतंच ढकललंय... एकदाच, हलक्या हातानं. मग गुरू सावकाश उजवीकडे जातो, आणि त्याला कुणी परत आणत नाही.