बंद पाकिटातली चाल

मनोगणित प्रयोगशाळेच्या मेजावर बुद्धिबळाचा पट मांडला होता आणि शेजारी एक्केचाळीस वर्षे न फोडलेले एक पाकीट होते. विश्राम मणेरीकर त्या पाकिटाकडे पाहणे टाळीत होते.

राष्ट्रीय अजिंक्यपदाचा त्यांचा अखेरचा डाव सायंकाळी अपुरा राहिला, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांनी पुढील चाल लिहावयाचा कागद पाकिटात बंद करून पंचांच्या स्वाधीन केला. दुसऱ्या दिवशी युद्ध पेटले. डाव पुन्हा मांडला गेला नाही. आघाडीवर तोफगोळ्याच्या दणक्याने मणेरीकरांच्या मेंदूस अशी इजा झाली, की तीन चालींपलीकडचे त्यांच्या ध्यानात राहीना. जिंकणारी चाल पाकिटातच राहिली, असे त्यांच्या सांगली गावचे लोक आजही हळहळून सांगत. खरे काय ते एकट्या मणेरीकरांस ठाऊक होते, आणि ती लाज त्यांनी जन्मभर वाहिली होती.

डॉ. शलाका उपासे यांनी त्यांच्या जुन्या तीनशे डावांवरून संगणकात त्यांच्यासारखाच विचार करणारी ‘मनप्रतिकृती’ सिद्ध केली होती. पाकिटातील चाल या प्रतिकृतीने बरोबर ओळखली, तरच प्रतिकृती खरी ठरणार होती. प्रतिकृतीने सांगितले : हत्ती सातव्या ओळीत.

शलाकाबाईंनी पाकीट फोडले. कागद कोरा होता.

त्यांनी तो उलटून पाहिला. मणेरीकर खालच्या स्वरात म्हणाले, “त्या दुपारी पलटणीचं बोलावणं आलं होतं. डावाला परत येणार नव्हतो. मग लिहायचं कुणासाठी? भेदरलो, दुसरं काय.”

यंत्रास पटाखेरीज आणखी काय दिसते, असे त्यांनी विचारले. शलाकाबाईंनी समजावले, की प्रत्येक चालीस त्यांनी घेतलेला वेळही प्रतिकृतीत भरला आहे. म्हणून आज किती वेळ उरला आणि पुढची बैठक केव्हा, एवढे तिला सांगावेच लागते.

“पुढची बैठक काढून टाका.”

“काका, मग तिच्या लेखी डाव इथंच संपेल.”

“माझ्याही लेखी संपला होता.”

बैठक पुसली गेली. पडदा स्तब्ध राहिला. तीनदा विचारूनही चाल आली नाही.

मणेरीकर त्या रिकाम्या पडद्याजवळ सरकले. त्या प्रतिकृतीस ना युद्ध ठाऊक होते, ना भय. तरी तिनेही कागद कोराच ठेवला होता.

“उद्या अकराची बैठक लिहा,” ते म्हणाले. “समोर मी बसतो.”

“ती तुम्हाला वीस चालींत गुंडाळेल, काका.”

“गुंडाळू दे की. माझीच आहे.”

शलाकाबाईंनी वेळ भरली. तत्क्षणी पडद्यावर हत्ती सातव्या ओळीत जाऊन बसला. मणेरीकरांनी थोडा विचार केला, त्याच कोऱ्या कागदावर आपले उत्तर लिहिले, घडी घातली आणि तो त्यांच्या हाती दिला.

“पंच तुम्ही. उद्यापर्यंत उघडू नका.”