चुळबुळीचे शास्त्र

लातूर मागे पडले तेव्हा डब्यातील जवळजवळ सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि माणसे मात्र उभी होती.

शाल्मलीला हे कोडे काही सुटेना. कोल्हापूरहून नागपूरला निघालेली ही चाचणी-गाडी साधीसुधी नव्हती. पुढे अशाच गाड्या थेट गुवाहाटीपर्यंत धावणार होत्या. डबा आणि चाके यांच्या मधे हवेच्या भक्कम उशा होत्या; रुळांचे हादरे त्या पिऊन टाकत. बाहेर विजेचे खांब सपासप मागे पळत होते, आणि आजोबांच्या कपातला चहा जेमतेम थरथरत होता. आणि खुर्च्या! त्या तर तिच्या आजोबांनीच, डॉ. विनायक राजोपाध्ये यांनी घडवल्या होत्या. ओल्या वाळूत पाऊल उमटावे तसा खुर्ची बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेई.

"हौसाकाकू, तुम्ही बसत का नाही?" शाल्मलीने विचारले. हौसाकाकू कोल्हापुरात खानावळ चालवत. चाचणीसाठी बोलावलेल्या प्रवाशांपैकी त्या एक.

"बसले की गं सकाळधरनं! पहिल्यांदा वाटलं, माहेरी आले. कुर्डुवाडी गेली आणि कंबरंनं बोंब मारली. पाय माझंच हायत का शेजारणीचं, कळंना झालंय."

सगळे हसले. आजोबा हसले नाहीत. ते शेवटच्या रांगेत गेले. तिथे ठोंब्या बसला होता. ठोंब्या म्हणजे खुर्च्या तपासणारा यंत्रमानव. माणसाइतके वजन, माणसासारखी पाठ, आणि अंगभर दाबसंवेदक (कुठे किती दाब पडतो ते टिपणारी चिमुकली उपकरणे). बसवाल तिथे तो तासन्‌तास हूं की चूं न करता बसे, म्हणून कार्यशाळेतल्या लोकांनी त्याचे हे नाव ठेवले होते.

"ठोंब्या, खुर्ची कशी आहे?"

"उत्तम. दाब सर्वत्र समान. टोचणारी जागा एकही नाही. तक्रार शून्य."

"मग ही माणसं उभी का?"

"माणसे तपासण्याचे काम मला दिलेले नाही."

आजोबांनी आवाज खाली आणला. "अकोल्याला मुख्य अभियंता सय्यद मॅडम चढतील. त्यांनी मान्यता दिली, तर लांब पल्ल्याच्या सगळ्या गाड्यांत ही खुर्ची बसेल. नाही दिली, तर ती जुनी फळीसारखी बाकं. हे माझं शेवटचं काम, शाल्मली. आणि चूक कुठे आहे तेच मला दिसत नाही."

आजोबांना एखादी गोष्ट कळत नाही, हे शाल्मली पहिल्यांदाच ऐकत होती.

"पण खुर्ची बनवताना तुम्ही काय विचार केला होता?"

"साधा. आपलं वजन तेवढंच राहतं. ते लहान जागेवर पडलं तर दाब जास्त, मोठ्या जागेवर पसरलं तर कमी. सुई टोचते, उशी टोचत नाही. म्हणून मी वजन सगळीकडे सारखं पसरवलं."

"मी बसून बघते."

खुर्चीवर दाब मोजणारी पातळ चादर होती. समोरच्या पडद्यावर दाबनकाशा उमटला. जास्त दाब असेल तिथे लाल, कमी असेल तिथे हिरवा. शाल्मली बसली आणि नकाशा हिरवागार झाला.

"आता पुतळ्यासारखी बस," आजोबा म्हणाले.

हे सगळ्यांत अवघड. "चुळबुळ करू नकोस, नीट बस," हे वाक्य ती घरी आणि शाळेत रोज ऐकत असे. तरी ती बसली. आधी फार छान वाटले. मग मांडी जड झाली. तिने उजवीकडे सरकायचा प्रयत्न केला. खुर्चीच्या मऊ कडांनी तिला हळूच मधे आणून ठेवले. मांडी घालायला गेली, तर गुडघे कडांना अडले. पडदा मात्र तसाच, तिथल्या तिथे हिरवा.

वैतागून ती चादर घेऊन दाराजवळ गेली. तिथे डब्यातल्या मदतनीसाचे साधे बाक होते आणि उभे राहून थकलेल्या प्रवाशांची त्यावर दाटी होती. कुणी मांडी घातलेली, कुणी एक गुडघा वर घेतलेला, कुणी तिरके टेकलेले. तिने त्यांच्याखाली चादर सरकवली आणि पडद्याकडे पाहिले.

"आजोबा! इथे लाल आहे, पण ते सारखं जागा बदलतंय. तिथे हिरवं होतं, पण ते हलतच नव्हतं!"

आजोबा लगबगीने आले आणि पडद्यावर वाकले. मग त्यांनी पाण्याची भरलेली बाटली तिच्या हातात दिली. "हात सरळ पुढे धर. जड आहे?"

"छे!"

ते तिच्याशी शाळेच्या गप्पा मारत राहिले. थोड्या वेळाने तिचा हात कापू लागला.

"आता?"

"दुखतोय!"

"बाटलीचं वजन वाढलं का?"

"नाही," शाल्मली म्हणाली, आणि तिचे डोळे चमकले. "वेळ वाढला."

"बरोबर! आपल्या कातडीखाली केशवाहिन्या असतात (केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या). थोडासाच दाब एकाच जागी फार वेळ राहिला, तरी तिथला रक्तप्रवाह मंदावतो. मग शरीर इशारा देतं आणि आपण नकळत सरकतो. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्यांना (तिथल्या मऊ गाद्यांना) तर स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. आपण हललो की त्या स्पंजासारख्या दबतात, सुटतात, आणि आजूबाजूचा पोषक रस आत घेतात."

"म्हणजे माझी चुळबुळ..."

"शरीराचं शहाणपण आहे! आणि मी काय बनवलं? इडलीपात्र! माणसाला साच्यात घट्ट बसवून टाकलं. वर परीक्षक कोण नेमला, तर ठोंब्या. त्याला ना रक्त, ना चकत्या. तो कशाला हलेल?"

तेवढ्यात गाडीचा वेग कमी झाला. अकोला आले.

हौसाकाकूंनी टाळ्या वाजवल्या. "बसा रं समदी! डॉक्टरांच्या मॅडम येत्यात. नागपूर येईस्तोवर कुणी हूं का चूं करायचं न्हाई!"

आणि आजोबांवरच्या मायेने सगळा डबा शहाण्या मुलांसारखा बसला.

सय्यद मॅडमनी बसलेली माणसे पाहिली, ठोंब्याचा अहवाल वाचला. "कमाल आहे, सर! इतके गुण आजवर कुठल्याच खुर्चीला मिळालेले नाहीत. देऊ मान्यता?"

हौसाकाकू मागून जोरजोरात मान हलवत होत्या. 'हो' म्हणा, 'हो' म्हणा!

"नको," आजोबा म्हणाले. "खुर्ची चुकली आहे. ही मंडळी मला वाईट वाटू नये म्हणून बसलीत."

"सर, डबे बांधायला घेतोय आम्ही. आज थांबलात तर पहिल्या गाडीत जुनी बाकं जातील."

"जाऊ देत. बाकावर निदान हलता तरी येतं."

मॅडम त्याच खुर्चीत बसल्या. "मग पटवा मला."

आजोबांनी शाल्मलीला पुढे केले. तिने बाटली दिली, लाल-हिरवे नकाशे दाखवले, स्पंजाची गोष्ट सांगितली. बडनेरा गेले. ऐकता ऐकता मॅडमनी बूट काढले, एक पाय वर घेतला, आणि त्यांचा गुडघा कडेला अडकला.

"उठा बाई, उठा!" हौसाकाकूंना राहवेना. "आमी मगाधरनं ह्येच सोसतोय!"

मॅडमसकट सगळा डबा हसत उभा राहिला.

नागपूरला निर्णय झाला. पहिली गाडी जुन्याच बाकांनिशी निघेल. दुसरीचे डबे नव्या खुर्चीसाठी थांबतील. आजोबा "चालेल" म्हणाले, पण फलाटावरून निघताना पुन्हा पुन्हा मागे वळून गाडीकडे पाहत होते. पहिल्या गाडीने जाणाऱ्यांचे त्यांना वाईट वाटत होते.

कार्यशाळेत परतल्यावर काम नव्याने सुरू झाले. नवी खुर्ची रुंद, सपाट, मांडी घालता येईल अशी. पाठ टेकवाल तशी मागे झुकणारी. पण तिच्याआधी ठोंब्याला शिकवायचे होते, आणि ते काम शाल्मलीकडे आले.

"डावीकडे झुक. आता उजवीकडे. आता मांडी घाल. अरे, हळू!"

एका जागी दाब फार वेळ राहिला की अस्वस्थ व्हायचे, हे तिने त्याच्या मेंदूत भरले. मग त्याला त्याच इडलीपात्रात बसवले. सगळे वाट पाहत राहिले. ठोंब्या गप्प. बराच वेळ गप्प. मग त्याचा एक खांदा हलला. दुसरा हलला.

"शाल्मली," तो म्हणाला, "मला उठायचे आहे."

आजोबांनी आनंदाने टाळी वाजवली आणि नवी खुर्ची त्याच्यापुढे ढकलली.

"ये, इथे बस," ते म्हणाले. "आणि हवी तेवढी चुळबुळ कर."